आकाशातील ग्रीक देवनामे : एक विचार

१

सूर्यमालेचा कोणताही आधुनिक नकाशा घेतला, तर त्यावर प्राचीन ग्रीकांचे दैवतमंडळ जवळजवळ संपूर्ण उतरलेले आढळते. गुरूभोवती झ्यूसच्या प्रेमपात्रांची नावे धारण करणारे उपग्रह फिरतात, शनीभोवती त्याचे टायटन बंधुभगिनी, आणि मंगळाभोवती फोबॉस व डीमॉस, म्हणजे भीती आणि धास्ती, हे युद्धदेवाचे दोन पुत्र. मनुष्य चंद्रावर प्रथम उतरला तो अपोलोचे नाव दिलेल्या योजनेतून. आणि त्याला पुन्हा तेथे नेऊ पाहणाऱ्या योजनेस अपोलोची जुळी बहीण आर्टेमिस हिचे नाव २०१९ साली देण्यात आले. या देवतांची सार्वजनिक पूजा मात्र सोळा शतकांपूर्वीच थांबली. रोमन सम्राट थिओडोसिअस याने इ. स. ३९१-३९२ मध्ये काढलेल्या आज्ञांनी जुन्या देवळांतील यज्ञबलींस बंदी घातली, आणि हळूहळू ती देवळे ओस पडली. आजच्या ग्रीसमध्ये त्या पूजेचे पुनरुज्जीवन करू पाहणारे लहान गट आहेत. परंतु अवकाशसंशोधनातील नावे त्यांच्यापासून आलेली नाहीत. तेव्हा भक्तांवाचून राहिलेल्या देवांनी आधुनिक विज्ञानाला एवढी नावे का पुरवावी, हा प्रश्न अभ्यासकापुढे उभा राहतो.

या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर असे की, युरोपातील शास्त्रज्ञांचे शिक्षण ग्रीक व लॅटिन ग्रंथांवर झालेले होते, म्हणून त्यांना तीच नावे सुचली. हे उत्तर खोटे नाही; पण ते अपुरे आहे. त्याच शिक्षणात वाढलेल्या गॅलिलिओने आपल्या शोधाला देवांची नावे दिली नाहीत, विल्यम हर्शलनेही दिली नाहीत. त्यांनी निवडलेली नावे मागे पडली आणि देवांची नावे टिकली. म्हणजे येथे केवळ सवयीचा प्रश्न नसून निवडीचा आहे. ग्रीक देवांची नावे आकाशातील वस्तूंना निर्वेधपणे देता आली, याचे कारण ते देव स्वतः आकाशातून आधीच निघून गेलेले होते आणि त्यांच्या नावांवर कोणाचीच मालकी उरलेली नव्हती, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य होय. या सोयीची किंमतही आहे. तिचा विचार शेवटी करू.

आरंभीच एक खुलासा करणे इष्ट आहे. युरोपीय भाषांत ग्रहांची नावे रोमन रूपांत रूढ आहेत : झ्यूसचा ज्युपिटर, हर्मीसचा मर्क्युरी, क्रोनोसचा सॅटर्न. रोमनांनी आपल्या देवता ग्रीक देवतांशी एकरूप मानल्या आणि ग्रीक आख्यानेही त्यांनाच जोडली. त्यामुळे पुढील विवेचनात ही दोन्ही रूपे एकाच परंपरेची म्हणून घेतली आहेत.

२

ग्रीक देव मुळात ग्रहांवर राहणारे नव्हते. होमरच्या काव्यात त्यांचे निवासस्थान ऑलिंपस पर्वतावर आहे, आणि हा पर्वत थेसली व मॅसिडोनिया यांच्या सीमेवर प्रत्यक्ष उभा आहे. त्याची उंची सुमारे २,९१८ मीटर. आकाश हे छत, पृथ्वी हा त्याखालील आधार आणि पर्वतशिखर ही दोहोंमधील जागा, अशी ती रचना होती. हेसिअडने 'थिऑगनी'त आकाशाची उंची सांगितली आहे तीही मोठी मनोवेधक आहे : आकाशातून सोडलेली काशाची ऐरण नऊ दिवस व नऊ रात्री पडत राहून दहाव्या दिवशी पृथ्वीवर पोचेल. आकाश दूर आहे. तथापि ते मोजता येण्याजोगे आहे, ही जाणीव या कल्पनेत दिसते.

ग्रहांना देवांची नावे मिळाली ती नंतर आणि बाहेरून. बाबिलोनी ज्योतिर्विद प्रत्येक ग्रह एकेका देवतेचा मानीत : शुक्र इश्तारचा, गुरू मार्दुकचा, मंगळ नेर्गलचा, बुध नाबूचा, शनी निनुर्ताचा. ग्रीकांनी या प्रत्येकास आपल्यातील जवळचा देव शोधला आणि ग्रहांस 'अॅफ्रोडाइटीचा तारा', 'झ्यूसचा तारा' असे म्हणू लागले. प्लेटोच्या नावावर असलेल्या, परंतु बहुधा त्याच्या शिष्याने लिहिलेल्या 'एपिनोमिस' या संवादात हे ज्ञान परकीयांकडून, सिरियाच्या बाजूने आले, असे स्पष्ट म्हटले आहे. ग्रीकांत वर्णनपर नावेही होती : मंगळास 'पायरॉइस' म्हणजे ज्वलंत, बुधास 'स्टिल्बॉन' म्हणजे लुकलुकणारा. 'प्लॅनेट' या शब्दाचा मूळ अर्थही 'भटका' असाच आहे. तेव्हा ज्यांना आपण ग्रीक देवनामे म्हणतो, ती आकाशाला प्रथम लागली तेव्हाच एक प्रकारचा अनुवाद होती.

हा अनुवाद पुढे आपल्याकडेही पोचला. वराहमिहिराच्या 'बृहज्जातका'त, म्हणजे इ. स. च्या सहाव्या शतकात, ग्रहांचे पर्याय म्हणून सूर्याला हेलि, बुधाला हेम्न, मंगळाला आर, शनीला कोण आणि शुक्राला आस्फुजित् ही नावे दिलेली आहेत. हेलिऑस, हर्मीस, आरेस, क्रोनोस आणि अॅफ्रोडाइटी यांचीच ही संस्कृत रूपे होत. 'होरा' आणि 'केंद्र' हे शब्दही ग्रीकांतूनच आले. याहून फार जुने नाते झ्यूस या नावात आहे. ते नाव आणि वैदिक 'द्यौः' हे एकाच मूळ शब्दापासून निघाले आहेत, व 'ज्युपिटर' हे 'द्यौष्पितर्' याच्याशी जुळते. ऊरानोस आणि वरुण यांचा असाच संबंध पूर्वी सांगितला जाई, परंतु भाषाशास्त्रज्ञ आज तो मानीत नाहीत. पहिले नाते समान वारशाचे आहे आणि दुसरे उसनवारीचे. अभ्यासकाने या दोहोंची गल्लत करू नये.

३

आकाशातून देव निघून जाण्यास प्रारंभ झाला तो ग्रीसमध्येच, आणि ती घटना शांतपणे घडलेली नाही. इ. स. पू. ४६७ च्या सुमारास एगॉस्पॉटमी येथे एक मोठी उल्का पडली. आयोनियातून अथेन्सला येऊन राहिलेला तत्त्वज्ञ अनॅक्सॅगोरस याच्या मताशी ही घटना जुळणारी होती. सूर्य हा तापून लाल झालेला दगड असून तो पेलोपोनीसहून मोठा आहे. चंद्र मातीचा आहे, त्यावर मैदाने व दऱ्या आहेत आणि त्याचा प्रकाश सूर्याकडून आलेला आहे, असे तो प्रतिपादन करी. ग्रहणांची कारणेही त्याने बरोबर ओळखली होती. अथेन्समध्ये त्याच्यावर पाखंडाचा आरोप ठेवण्यात आला. पेरिक्लीझशी असलेल्या मैत्रीमुळे तो वाचला असे प्राचीन चरित्रकार सांगतात. परंतु त्याला नगर सोडून लाम्प्सकसला जावे लागले आणि तेथेच त्याचा अंत झाला.

या प्रकरणाची छाया पुढे सॉक्रेटिसच्या खटल्यावरही पडली. इ. स. पू. ३९९ मध्ये न्यायसभेपुढे बोलताना सॉक्रेटिसने आरोप करणाऱ्या मेलेटसला टोकले, की सूर्य दगड आहे व चंद्र माती आहे ही मते आपली नसून अनॅक्सॅगोरसची आहेत आणि त्याचे ग्रंथ कोणासही विकत मिळतात. हा प्रसंग प्लेटोने नोंदवून ठेवला आहे. यावरून 'सूर्य देव की दगड' हा वाद त्या काळी पंडितांपुरता मर्यादित नव्हता, तो जीवनमरणाचा होता, हे ध्यानात येते.

अनॅक्सॅगोरसचा पक्ष कालांतराने जिंकला. प्लूटार्कने चंद्रबिंबावरील चेहऱ्यासंबंधी लिहिलेल्या संवादात चंद्र हा पृथ्वीसारखा पदार्थ आहे काय, याची चर्चा मोकळेपणाने होते. इ. स. च्या दुसऱ्या शतकात ल्यूशिअनने गरुडाचा एक पंख आणि गिधाडाचा एक पंख बांधून मेनिपसला चंद्रावर व तेथून झ्यूसच्या दरबारात पाठविले, ते विनोदासाठी. चंद्रावर जाण्याची कल्पना ग्रीक वाङ्मयात अवतरली ती अशा उपहासकथेच्या रूपाने. ज्या आकाशाविषयी बोलल्यामुळे एके काळी हद्दपारी पत्करावी लागली, ते आता थट्टेचा विषय होऊ शकत होते. देवांची नावे मोकळी होण्याची ही पहिली पायरी होय.

४

दुसरी पायरी सतराव्या शतकात आली. जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओने गुरूचे चार उपग्रह पाहिले आणि टस्कनीचा अधिपती कोसिमो द मेदिची याच्या घराण्यावरून त्यांना 'मेदिची तारे' असे नाव दिले. आश्रयदात्याचे ऋण फेडण्याचा तो प्रकार होता व त्याचे फळही गॅलिलिओला मिळाले. सायमन मारिअस या जर्मन ज्योतिर्विदाने १६१४ साली, केप्लरच्या सूचनेवरून, त्याच चौघांना आयो, युरोपा, गॅनिमीड आणि कॅलिस्टो ही नावे सुचविली. झ्यूसने ज्यांच्यावर प्रेम केले किंवा ज्यांना पळविले ती ही पात्रे. मारिअसची नावे दीर्घकाळ उपेक्षित राहिली आणि विसाव्या शतकात सर्वमान्य झाली. मेदिची घराणे १७४३ साली संपले. त्याच्या नावाचे तारे आज केवळ इतिहासग्रंथांत उरले आहेत.

१३ मार्च १७८१ रोजी विल्यम हर्शलने नवा ग्रह शोधला, तेव्हा हाच प्रसंग पुन्हा घडला. हर्शलने इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाचे नाव ग्रहास दिले. इंग्लंडबाहेर ते कोणास रुचणे शक्य नव्हते. फ्रान्समध्ये काहींनी त्याला 'हर्शल' म्हटले. बर्लिनच्या योहान बोडे याने वंशावळीचा आधार घेतला : ज्युपिटरचा पिता सॅटर्न, तर सॅटर्नच्या पलीकडील ग्रह हा त्याचा पिता ऊरानोस असावा. ग्रहांमध्ये हे एकच नाव रोमन नसून ग्रीक आहे. इंग्लंडच्या नाविक पंचांगात राजाचे नाव १८५० पर्यंत चालू राहिले. पुढे तेथेही यूरेनस आला. १८४६ साली नेपच्यून सापडला, तेव्हा त्याला ल वेर्ये या गणितज्ञाचे नाव द्यावे असा अरागोने आग्रह धरला, परंतु फ्रान्सबाहेर तो मानला गेला नाही.

मराठी वाचकाला यातील एक गोष्ट विशेष वाटेल. युरोपात मागे पडलेले 'हर्शल' हे नाव आपल्या पंचांगांत आणि ज्योतिषांच्या बोलण्यात 'हर्षल' या रूपाने आजही टिकून आहे. एका मानवी संशोधकाचे नाव आपल्याकडे राहू-केतूंच्या पंक्तीस जाऊन बसले. आणि तसे बसताना ते माणसाचे आहे हेच बहुतेकांच्या विस्मरणात गेले.

या तिन्ही उदाहरणांचा निष्कर्ष एकच निघतो. राजाचे नाव दुसऱ्या राज्यास चालत नाही, संशोधकाचे नाव दुसऱ्या राष्ट्रास खटकते आणि ख्रिस्ती संताचे नाव दुसऱ्या पंथास मान्य होत नाही. ग्रीक देवांचे नाव मात्र सर्वांस चालते; कारण त्यावर हक्क सांगणारे कोणी नसते. १९३० साली नव्या ग्रहाला प्लूटो हे नाव ऑक्सफर्डच्या व्हेनेशिया बर्नी या अकरा वर्षांच्या मुलीने सुचविले, आणि अमेरिकेतील वेधशाळेने ते स्वीकारले. त्याची पहिली दोन अक्षरे पर्सिव्हल लोवेल या वेधशाळेच्या संस्थापकाची आद्याक्षरे होतात, हेही त्यास अनुकूल ठरले. म्हणजे मानवी अभिमान नाहीसा झाला नव्हता; त्याने देवाच्या नावाआड आसरा घेतला होता.

५

मालकी नसणे हा या नावांचा एक गुण. दुसरा गुण असा, की ग्रीक दैवतकथा ही एक वंशावळ आहे. हेसिअडपासून पुढे पित्यापुत्रांचे, बंधुभगिनींचे आणि प्रतिस्पर्ध्यांचे जे जाळे विणले गेले, ते वर्गीकरणाच्या कामी तयार साधन म्हणून उपयोगी पडले.

शनीच्या उपग्रहांना पूर्वी केवळ क्रमांक असत. नवा उपग्रह सापडला की क्रमांक बदलत आणि घोटाळा होई. १८४७ साली जॉन हर्शलने सात उपग्रहांना नावे दिली. सॅटर्न आपली मुले गिळीत असे, तेव्हा त्याच्याभोवती मुलांना उभे करता येत नाही. म्हणून बंधुभगिनींना, म्हणजे टायटनांना, बोलवावे, असा त्याचा विनोदी परंतु कामाचा तर्क होता. त्यांतील मायमस आणि एन्सेलॅडस हे टायटन नसून जायंट म्हणजे राक्षस होत. एन्सेलॅडसची कथा अशी, की देवांशी झालेल्या युद्धात त्याला एट्ना पर्वताखाली गाडण्यात आले आणि ज्वालामुखीतून येणारा धूर हा त्याचाच श्वास. २००५ साली कॅसिनी यानाने त्या उपग्रहाच्या दक्षिण ध्रुवावरील भेगांतून पाण्याची वाफ व हिमकण यांचे फवारे अवकाशात उडताना पाहिले. हर्शलला हे ठाऊक असण्याचा संभव नव्हता. हा शुद्ध योगायोग आहे. त्यात प्राचीनांचे गूढ ज्ञान शोधू नये. तथापि अशा योगायोगाने नाव लक्षात राहते आणि वस्तू आपलीशी होते, हेही खरे.

गुरूच्या बाह्य उपग्रहांच्या बाबतीत तर व्याकरणच वर्गीकरणाला जुंपलेले आहे. गुरूच्या परिभ्रमणाच्या दिशेने फिरणाऱ्या उपग्रहांची नावे सामान्यतः 'आ'कारान्त निवडतात : हिमालिया, लीडा, एलारा. उलट दिशेने फिरणाऱ्यांच्या नावांच्या लॅटिन लिपीतील लेखनात शेवटी 'ए'कार असतो : कार्मे, अनांके, सिनोपे, पासिफाए. नाव वाचताच कक्षेची दिशा कळावी, अशी ही योजना आहे. येथे पुराणकथेचा अर्थ जवळजवळ संपला असून तिचे केवळ ध्वनिरूप उरले आहे.

तिसरे उदाहरण ट्रॉयच्या युद्धाचे. गुरूच्या कक्षेत त्याच्या साठ अंश पुढे व साठ अंश मागे लहान वस्तू स्थिर राहू शकतील, असे लाग्रांजने १७७२ साली गणिताने दाखविले होते. १९०६ साली हायडलबर्गच्या मॅक्स वोल्फला अशा जागी पहिला लघुग्रह आढळला. त्याला अकिलीझ हे नाव मिळाले आणि व्हिएन्नाच्या पालिसाच्या सूचनेवरून पुढील लघुग्रहांना ट्रॉययुद्धातील वीरांची नावे देण्याची प्रथा पडली. गुरूच्या पुढे ग्रीकांचा तळ आणि मागे ट्रोजनांचा, अशी वाटणी ठरली. परंतु ती ठरण्यापूर्वीच नावे पडलेला ट्रोजन हेक्टर ग्रीकांच्या तळात आणि ग्रीक पॅट्रोक्लस ट्रोजनांच्या तळात राहून गेला. ऑक्टोबर २०२१ मध्ये निघालेले लूसी हे यान या दोन्ही तळांना भेट देणार असून पॅट्रोक्लसजवळ ते २०३३ साली पोचावे अशी योजना आहे. 'इलियड'मध्ये हेक्टरच्या हातून मेलेला पॅट्रोक्लस आकाशात हेक्टरच्याच पक्षात कायमचा अडकला आहे.

६

आतापर्यंत निसर्गनिर्मित वस्तूंचा विचार झाला. मनुष्यनिर्मित यंत्रांचा प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण तेथे नावाबरोबर हेतूही येतो.

अमेरिकेच्या पहिल्या समानव योजनेचे नाव मर्क्युरी हे डिसेंबर १९५८ मध्ये जाहीर झाले. देवदूत, प्रवासी, वेगवान असा हा देव. निवड समर्पक होती. १९६२ साली दोन आसनांच्या यानास जेमिनी हे नाव मिळाले. कॅस्टर व पोलक्स या जुळ्यांपैकी एक मर्त्य आणि दुसरा अमर. परंतु ही याने ज्या अग्निबाणांनी वर नेली, त्यांची नावेही पाहिली पाहिजेत. २० फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन ग्लेनला कक्षेत नेणारा अॅटलास आणि जेमिनीला नेणारा टायटन, हे दोन्ही मुळात अण्वस्त्र दुसऱ्या खंडावर टाकण्यासाठी बांधलेले अग्निबाण होते. विमानविरोधी क्षेपणास्त्रांना नायकी म्हणजे विजयदेवता हिचे नाव होते. पाणबुडीवरील क्षेपणास्त्रास पुढे पोसायडनचे नाव मिळाले. अॅटलासला झ्यूसने आकाश खांद्यावर तोलून धरण्याची शिक्षा दिली होती, कारण तो देवांविरुद्ध लढला होता. त्याच्या नावाचा अग्निबाण मनुष्याला आकाशात नेऊ शकत होता आणि आकाशातून संहार आणू शकत होता. देवाचे नाव या दोन्ही कामांना सारख्याच सहजतेने चिकटले. नावाने हेतूची शुद्धी होत नाही, याचे हे ठळक प्रमाण होय.

सॅटर्न या प्रचंड अग्निबाणाचे नाव, ज्युपिटर या आधीच्या अग्निबाणानंतरचा ग्रह कोणता, एवढ्याच विचाराने आले. पुराणात पुत्राने पित्यास पदच्युत केले; येथे पुत्रामागून पिता आला. अपोलो हे नाव १९६० साली एब सिल्व्हरस्टाइन याने सुचविले. रथारूढ अपोलो सूर्यावरून जात आहे ही कल्पना योजनेच्या भव्यतेस साजेशी वाटली, असे त्याने पुढे सांगितले. वस्तुतः होमरच्या काव्यात सूर्याचा देव हेलिऑस हा निराळा आहे आणि अपोलो प्रथम दिसतो तो बाणांनी ग्रीक छावणीत रोगराई पसरविणारा देव म्हणून. तो सूर्यदेव मानला जाऊ लागला तो नंतरच्या काळात. चंद्राशी तर त्याचा काहीच संबंध नव्हता. चंद्राची देवता सेलीनी, आणि पुढे आर्टेमिस. ही उणीव आर्टेमिस या नावाने भरून काढली गेली, व स्त्रीला चंद्रावर उतरविण्याचा उद्देशही २०१९ साली त्याबरोबर सांगण्यात आला. परंतु यानाचे नाव आधीच ओरायन ठरलेले होते. आणि एका आख्यानानुसार ओरायन या शिकाऱ्याचा वध आर्टेमिसनेच केला. १६ नोव्हेंबर २०२२ रोजी ही जोडी प्रथमच एकत्र, प्रवाशांवाचून, चंद्राकडे गेली.

याच काळात सोव्हिएत संघाने काय केले हे पाहणे बोधप्रद आहे. स्पुत्निक म्हणजे सहप्रवासी, वोस्तोक म्हणजे पूर्व, वोस्खोद म्हणजे सूर्योदय. गागारिन १२ एप्रिल १९६१ रोजी अवकाशात गेला तो कोणत्याही देवाच्या नावाने नव्हे. काम तेच होते. यावरून देवनाम हे अवकाशयात्रेचे आवश्यक अंग नाही, ती एका विशिष्ट सांस्कृतिक परंपरेची निवड आहे, हे सिद्ध होते.

७

येथे या सोयीची किंमत कोणती, हा राहिलेला प्रश्न येतो. १९१९ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या नियमांनुसार ग्रहांवरील स्थळांना धार्मिक महत्त्व असलेली नावे देता येत नाहीत. पुराणकथांतील नावे मात्र देता येतात. म्हणजे धर्म आणि पुराणकथा यांमध्ये येथे एक रेषा आखलेली आहे. ग्रीक देवांपुरती ही रेषा स्पष्ट आहे. ज्यांची पूजा थांबली ते पुराणकथेत गेले. परंतु ग्रीक नामावळी जगाचा वारसा मानणे म्हणजे एका खंडाचा वारसा सर्वांचा मानणे, हा आक्षेप योग्यच होता. त्यामुळे अलीकडे इतर समाजांच्या देवता बोलावल्या जाऊ लागल्या. नेपच्यूनपलीकडील वस्तूंत हवाईची हौमेया, रापानुईचा माकेमाके आणि आर्क्टिकच्या इनुइट लोकांची सेडना आली. शुक्रावरील एका विस्तीर्ण पठारास लक्ष्मीचे नाव आहे.

लक्ष्मी ही पुराणकथा की धर्म? घरोघरी जिची पूजा होते, तिला झ्यूसच्या पंक्तीत बसविताना आपण काय गृहीत धरतो, हा प्रश्न टाळता येणार नाही. जिवंत देवाचे नाव मृत देवाच्या नावाइतके मोकळे नसते. त्याच्याशी श्रद्धा, अभिमान आणि राष्ट्र ही जोडलेली असतात. भारताने २०२३ साली सूर्याच्या अभ्यासासाठी पाठविलेल्या यानास आदित्य हे नाव दिले. अपोलो या नावाने कोणी नमस्कार करीत नाही. आदित्याला रोज अर्घ्य दिले जाते. अशा नावाने यंत्र आपलेसे वाटते, हे खरे. पण ग्रीक नावांना सर्वमान्य करणारी जी तटस्थता, ती येथे राहत नाही, आणि नाव टीकेच्या पलीकडे जाण्याचा धोकाही संभवतो. यात एक पद्धत चांगली व दुसरी वाईट असा निवाडा करण्याचे कारण नाही. दोहोंचे व्यवहार भिन्न आहेत, एवढे अभ्यासकाने ओळखले म्हणजे पुरे.

देवांनी सोडलेली जागा रिकामी राहत नाही, याची जाणीव ऑलिंपसच्या इतिहासातून होते. २ ऑगस्ट १९१३ रोजी ख्रिस्तोस काकालोस हा ग्रीक वाटाड्या दोन स्विस प्रवाशांसह त्या पर्वताच्या सर्वोच्च शिखरावर पोचला. त्यानंतर सहा दशकांच्या आतच मरिनर ९ या यानाने मंगळावरील एका प्रचंड ज्वालामुखीचे स्वरूप उघड केले; तो सुमारे २२ किलोमीटर उंच आहे आणि त्याचे नाव ऑलिंपस. मनुष्य शिखरावर चढला की शिखराचे नाव पुढे सरकते.

अपोलो योजनेतील बारा मनुष्य १९६९ ते १९७२ या काळात चंद्रावर चालले आणि सुमारे ३८२ किलोग्रॅम दगडमाती घेऊन परत आले. ती पृथ्वीवरील खडकांशी ताडून पाहता आली, तिचे वय काढता आले. ज्या मतासाठी अनॅक्सॅगोरसला अथेन्स सोडावे लागले, त्याचा निर्णायक पुरावा एका देवाचे नाव धारण करणाऱ्या यानांनी आणला. अनॅक्सॅगोरसचे नाव आज चंद्राच्या उत्तर ध्रुवाजवळील एका विवराला आहे. ग्रीकांच्या देवांची आणि त्या देवांना आकाशातून हलविणाऱ्या विचारवंताची नावे आता एकाच नकाशावर, एकाच समितीच्या संमतीने, शेजारी शेजारी नांदत आहेत.